पोटाचा घेर आपणच मोजू



कुरकुंभला जमलो की आपण उसाच्या वजनाबद्दल बोलतो. आज आपल्या वजनाबद्दल बोलू. पोट सुटलं की आपण म्हणतो, 'खात्यापित्या घरचा.' हातपाय काटकुळे असले की म्हणतो, 'याला कसली साखर होतेय?' दोन्ही हिशेब चुकीचे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला आणि एका इंग्रज डॉक्टरांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच. अंगातली चरबी मात्र इंग्रजाच्या ९ टक्के, याज्ञिकांच्या २१ टक्के! म्हणजे नुसत्या वजनकाट्यावर आपण विसंबू नये. पोटावरच्या चरबीमुळे साखर, रक्तदाब, हृदयविकार मागे लागण्याचा धोका वाढतो.

म्हणून टेप घ्या. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या, बाईचा ८० च्या पुढे गेला, की तपासणी करायची. मोबाईलवर फिरणाऱ्या काढ्यांवर भरवसा नको, आशाताईंना विचारू. तिशीनंतरची तपासणी सरकारी उपकेंद्रात मोफत आहे.

साखर कारखान्याच्या काट्यावर आपण किलोकिलोसाठी भांडतो. घरी गेल्यावर आधी घरधनिणीला तपासणीला न्या. सगळ्यांचं उरकल्याशिवाय ती स्वतःकडे बघत नाही.