जागेची गोष्ट कोण सांगणार?

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

चूल आवरता आवरता, निवडण-टिपण करता करता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या मावश्यांना, काकूंना, लेकी-सुनांना आम्हा सगळ्याजणींचा नमस्कार.

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे तर पोरांचं काम, आपल्याला काय त्याचं! विषय आहे मोबाईलवरचे आणि संगणकावरचे खेळ, आणि हे खेळ जागेतून गोष्ट कशी सांगतात हा. पण जरा थांबा, रेडिओ बंद करू नका. ज्या युक्तीवर हे खेळ चालतात ती युक्ती आपल्या घरात, आपल्या जिंतूर तालुक्यात फार जुनी आहे. आणि पुढच्या काळात आपल्या गावच्या जागांची गोष्ट कोण सांगणार, हेही या युक्तीवरूनच ठरणार आहे. म्हणून हा विषय आपला आहे.

आधी घरातलंच उदाहरण घेऊ. भाद्रपदात आपल्याकडे महालक्ष्म्या येतात. आपण त्यांना एकदम मखरात नेऊन बसवतो का? नाही. दारापासून हळदी-कुंकवाची पावलं काढतो. मुखवटे हातात घेऊन त्या पावलांवरून चालतो. कोणाकडे आधी स्वयंपाकघर दाखवतात, कोणाकडे धान्याची कोठी, कोणाकडे तिजोरी. मग आसनावर बसवतात. प्रत्येक घरची रीत वेगळी, पण गोष्ट एकच: लक्ष्मी आली, घरभर फिरली आणि आपल्याकडे राहिली. ही गोष्ट कोणी वाचून दाखवत नाही. दार, ओटी, कोठी, मखर अशा जागा एकामागून एक येतात आणि चालणारीला गोष्ट कळते.

याला म्हणायचं जागेतून गोष्ट सांगणं. सिनेमात आपण बसून असतो आणि गोष्ट समोरून जाते. इथं उलटं आहे. गोष्ट जागेवर ठेवलेली असते आणि आपण तिच्यातून चालत जातो.

आता नेमगिरीला चला. जिंतूर गावापासून हाकेच्या अंतरावरचा डोंगर. तिथल्या जैन लेण्यांत ज्या गेल्या असतील त्यांना आठवत असेल, गुहांची दारं किती बुटकी आहेत. ताठ मानेनं आत जाताच येत नाही. वाकावं लागतं, अंग चोरावं लागतं. आणि आत जाऊन मान वर केली की समोर भलीमोठी मूर्ती. एवढ्याशा दारातून एवढी मूर्ती आत आली कशी, हा प्रश्न आपसूक मनात येतो. पुढे पार्श्वनाथांची मूर्ती आहे. एवढं वजन एका लहानशा दगडावर टेकलेलं, म्हणून तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. नम्र हो, असं तिथं कोणी सांगत बसत नाही. दारच वाकायला लावतं. बांधणाऱ्यानं आपल्या अंगाकडून काय करून घ्यायचं हे ठरवलं, आणि त्यातून सांगायचं ते सांगितलं.

बारवेचंही तसंच. शेजारच्या सेलू तालुक्यात वालूरची चक्राकार बारव आहे. तिथं सरळ रेषेत खाली उतरता येत नाही, गोल फिरत फिरत पायऱ्या उतराव्या लागतात. वरचं ऊन मागे पडतं, गारवा वाढत जातो आणि मग पाणी. आपल्या तालुक्यात चारठाण्याला जुनी मंदिरं आहेत, कोरीव मानस्तंभ आहे, बारव आहे. या जागांवरून पिढ्यानपिढ्या माणसं चाललीत. पाणवठ्यावर सगळ्यात जास्त कोण चाललं, हे वेगळं सांगायला नको.

आता खेळांकडे येऊ. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाची खेळ बनवणारी मंडळी आहेत. त्यांनी २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ आणला. या मंडळींच्या संस्थापकांत आणि खेळाचं चित्ररूप सांभाळणाऱ्यांत एक बाई आहेत, श्रुती घोष. खेळाची नायिका राजी ही एक गरीब पोरगी, जत्रेत कसरती करून पोट भरणारी. तिला गोलू नावाचा धाकटा भाऊ. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर हल्ला करतात आणि गोलूला पळवून नेतात. दुर्गा राजीला त्रिशूळ देते, आणि ही पोरगी भावाला शोधायला निघते.

आपल्या कहाण्यांत बहीण भावाची वाट बघत बसते, इथं ती त्याला सोडवायला जाते. हे तर आम्हाला आवडलंच. पण आज बोलायचंय ते गोष्ट सांगायच्या पद्धतीवर. राजी एका मोठ्या किल्ल्यातून चालत असते. आपल्याला ती लांबून दिसते, एवढीशी, आणि तिच्याभोवती उंच भिंती, सज्जे, ओसाड चौक. पोरगी लहान आणि संकट मोठं, हे सांगायला एक शब्दही लागत नाही. वाटेत भिंतींवर चित्रं रंगवलेली आहेत. राजी चित्रापुढे उभी राहिली की त्यातल्या देवाची, दैत्याची कथा ऐकू येते. पुढे निघून गेली तर ती कथा तिथंच राहते. कुठं गोल चित्रांचे तुकडे फिरवून जुळवायचे असतात. जुळले की त्यात राजीची आणि गोलूची जुनी आठवण उमटते. म्हणजे बहिणीचं मनसुद्धा एका जागी ठेवलेलं आहे. तिथं थांबणारीलाच ते कळतं.

हेन्री जेंकिन्स नावाचे अमेरिकेतले एक अभ्यासक आहेत. २००४ साली त्यांनी मांडलं की खेळ बनवणाऱ्याला गोष्ट सांगणारा म्हणण्यापेक्षा गोष्टीची वास्तू बांधणारा म्हणावं. नेमगिरीचं दार आठवा, म्हणजे हे लगेच पटेल.

आता याच्या पुढची पायरी. तिला एआर म्हणतात, ऑगमेंटेड रिॲलिटी. यात खोट्या किल्ल्यातून चालायचं नसतं, आपण खऱ्याच रस्त्यावर असतो. फोनचा कॅमेरा समोर धरला की फोनच्या पडद्यावर त्या रस्त्यात नसलेली गोष्टही दिसते. पडक्या वाड्यासमोर फोन धरावा आणि वाडा पूर्वी कसा होता ते दिसावं, असं हे तंत्र.

जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा खेळ आला आणि जगभर लोक फोन हातात धरून रस्तोरस्ती हिंडायला लागले. डिसेंबरमध्ये तो भारतातही आला. खऱ्या रस्त्यांवर, बागांत, देवळांपाशी, पुतळ्यांपाशी खेळातले मुक्काम ठेवलेले होते. तिथं प्रत्यक्ष चालत जाल तरच काही हाती लागणार.

आता नीट ऐका, आजच्या बोलण्याचं सार इथं आहे. हे मुक्काम कुठं ठेवायचे हे कसं ठरलं? त्याच कंपनीचा आधीचा एक खेळ होता, इन्ग्रेस. तो खेळणाऱ्यांनी आपल्या भागातल्या जागा सुचवल्या होत्या, त्यातल्या पुष्कळ या नव्या खेळात आल्या. म्हणजे जिथं खेळणारे जास्त तिथं मुक्काम जास्त. मोठ्या शहरात पावलोपावली, आणि खेडेगावात सामसूम. खेड्यात जागा नव्हत्या असं थोडंच आहे? जागा होत्या, पण त्या सुचवणारं कोणी नव्हतं.

हे आपल्याला लावून बघा. उद्या जिंतूरच्या, चारठाण्याच्या, येलदरीच्या नकाशावर कोणी गोष्टी ठेवल्या तर त्या कोणाच्या असतील? फोन ज्याच्या हातात, बाहेर हिंडायला मोकळीक ज्याला, त्याच्या. पारावरच्या गप्पा येतील, तालीम येईल, चौक येईल. पण ज्या घाटावर बायकांनी एकमेकींचं दुःख वाटून घेतलं, तो घाट येईल का? जिथं पहाटे जात्यावर ओव्या म्हटल्या जायच्या, ती ओसरी येईल का? आणि दिवस मावळल्यावर घराबाहेर पडायची मुभा नसलेल्या पोरीला चालत खेळायच्या खेळाचा काय उपयोग? राजी किल्ल्याच्या भिंतीवरून पळते. आपली पोरगी बसस्टँडपर्यंत जायला भावाची सोबत मागते. जागेतली गोष्ट चालणारीलाच मिळते. जिला चालूच दिलं नाही तिला ती ऐकू येत नाही, आणि सांगताही येत नाही.

कोणी म्हणेल, नकाशावर गोष्टी ठेवणं हे बाहेरचं खूळ आहे. तसं नाही. महानुभाव पंथात ‘स्थानपोथी’ नावाचा जुना मराठी ग्रंथ आहे. चक्रधरस्वामी कुठं राहिले, कुठं बसले, त्या देवळाचं दार कोणत्या दिशेला, जवळ काय होतं, हे सगळं त्यात टिपलेलं आहे. लीळा वेगळी लिहिली आणि तिची जागाही वेगळी जपली. त्या जागांवर ओटे बांधले, आणि आजही भक्त तिथं जाऊन माथा टेकतात. ज्या काळात कागदसुद्धा जपून वापरावा लागत होता त्या काळात आपल्या भाषेत माणसांनी हे काम केलं. त्याच परंपरेत महदंबा होऊन गेल्या, मराठीतल्या आद्य कवयित्री. स्वामींना नेमके प्रश्न विचारणारी म्हणून त्यांची ओळख आहे. तेव्हा विचारणं, टिपून ठेवणं, जागा दाखवणं हे बाईला नवं नाही.

मग करायचं काय? महागडं यंत्र लागत नाही. घरात एक साधा मोबाईल असतो, तो अर्धा तास मागून घ्या. लेकीला किंवा नातीला बरोबर घ्या आणि आपल्या गावातली एक जागा निवडा. बारव, पार, पडकी गढी, जुनं जातं, काहीही. तिथं उभं राहून चार प्रश्नांची उत्तरं द्या.

पहिला, इथं येताना आधी काय दिसतं आणि काय मागून दिसतं? दुसरा, इथं अंगाला काय करावं लागतं? वाकावं, चढावं, जपून पाऊल टाकावं, की निवांत टेकावं? तिसरा, इथं कोण यायच्या, कधी यायच्या, काय बोलायच्या? आणि चौथा, आता इथं कोण येत नाही, आणि का?

दोन मिनिटांत सांगा आणि आवाज टिपून ठेवा. एवढ्यानंही ती तुमच्या जागेची गोष्ट झाली. मग ती शाळेतल्या मुलांना ऐकवा, आम्हाला पाठवा, आम्ही ती याच कार्यक्रमात ऐकवू. गूगल नकाशावर आपल्या गावची राहून गेलेली जागा जोडता येते, तिचे फोटो घालता येतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलींना ते सहज जमेल.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक जागा जगाला दाखवायची नसते. जिथं बायका आंघोळीला, कपडे धुवायला किंवा मन मोकळं करायला जातात, त्या जागेला आडोसा हाच आधार असतो. अशी जागा नकाशावर घालू नका, तिची गोष्ट आपसातच ठेवा. मुलींची नावं, घराचा पत्ता, रोजची जायची-यायची वेळ कुठंही सांगू नका. कोणती जागा उघडी करायची आणि कोणती झाकून ठेवायची, हे तिथं वावरणाऱ्या बायकांनी बसून ठरवावं, दुसऱ्या कोणी नाही.

आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. पोरगी म्हणाली की मला नेमगिरीला जाऊन आवाज टिपायचाय, तर नुसतं नको म्हणू नका. पाच-सहाजणींचा गट करा, दिवसाउजेडी पाठवा, हवं तर स्वतः सोबत जा. ती बुटक्या दारातून वाकून आत जाईल, मान वर करून बघेल आणि तिला जे वाटलं ते तिच्या शब्दांत सांगेल. त्या लेण्याच्या गोष्टी आजवर पुष्कळांनी सांगितल्या असतील, तिची अजून कोणी ऐकलेली नाही.

पुढच्या कार्यक्रमात आम्ही तुमच्याकडून आलेल्या जागांच्या गोष्टी ऐकवणार आहोत. वाट बघतो.