फुकटची तपासणी



मोबाईलवर 'विषाणू शिरला, अमुक प्रोग्रॅम घ्या' अशा सूचना आपल्याला येतात, म्हणून ही हकीकत सांगते. अमेरिकेत ऑफिस डेपोच्या दुकानांत संगणकाची तपासणी फुकट होई. आधी चार प्रश्न. यंत्र मंद चालते का? मध्येच बंद पडते का? एकाला जरी 'होय' म्हटले, की घातक प्रोग्रॅमची लक्षणे ठरलेलीच. पुढचा शोध नुसता देखावा! (नाडी न पाहता काढा देणारा वैद्य तरी थोडक्यात सोडतो; येथे इलाज शेकडो डॉलरांचा.) २०१६ साली सिॲटलच्या दूरचित्रवाणीवाल्यांनी कोरी यंत्रे नेली, त्यांतही रोग निघाला. तेथील व्यापार आयोगाने हाच आरोप ठेवला. २०१९ साली दुकानाने अडीच कोटी आणि प्रोग्रॅम पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी डॉलर देण्याचे कबूल केले; त्यांतून ग्राहकांना पैसे परत मिळाले.