रिकामे पिंप

रंगाच्या, औषधांच्या कारखान्यांत रसायने पिंपांतून येतात. रसायन संपते, पिंप उरते. कधी ते भंगारवाल्याकडून आपल्या दारी येते. स्वस्त म्हणून आपण घेतो नि त्यात पाणी भरतो.

हे पिंप माल की कचरा? कुणी म्हणेल, “पैसे मोजले, म्हणजे मालच की!” तसे नव्हे. भारत सरकारने २०१६ साली घातक कचऱ्याचे नियम केले. जो कारखान्याचा माल नाही, जोडमालही नाही, आणि ज्याचा कारखान्याला पुढे उपयोग नाही, तो कचरा. घातक रसायन लागलेले रिकामे पिंप तर घातक कचऱ्याच्या यादीतच आहे. किंमत आली म्हणून त्याची जात बदलत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाने ज्याला परवानगी दिली, त्यालाच कारखान्याने ते द्यायचे असते.

असे का? प्लॅस्टिकमध्ये रसायन मुरते. पिंप धुतले तरी ते हळूहळू पाण्यात उतरू शकते. डोळ्यांना दिसत नाही, पण पोटात जाते.

आता तुम्हांला वाचता येते. पिंपावरची चिठ्ठी वाचा. कवटीचे चित्र असेल, किंवा चिठ्ठी खरवडलेली असेल, तर पिंप घेऊ नका. आधी विचारा, “यात काय होते?” उत्तर मिळाले नाही, तर पुढे चला.