आधी ऐकून घ्या

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात २००३ सालापासून ‘सेंट्स अँड सिनर्स’, म्हणजे ‘संत आणि पापी’ नावाचं साहित्य संमेलन भरतं. पुरुषावर प्रेम करणारे पुरुष, बाईवर प्रेम करणाऱ्या बाया, तृतीयपंथी असे लेखक तिथं जमतात. एड्सची माहिती लेखकांच्या तोंडून लोकांपर्यंत जावी, हाही ते सुरू करण्यामागचा हेतू. पत्रक कुणी वाचत नाही, गोष्ट मात्र सगळे ऐकतात.

आपल्याकडं लक्ष्मीनारायण त्रिपाठींचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन मराठीत आलं. आपल्या आज्यांनीही सासुरवास जात्यावरच्या ओवीतच सांगितला, सोबत दळणारीनं तो ऐकला.

उद्या आपलंच लेकरू म्हणालं, “आई, मी वेगळा आहे,” तर दार लावू नका. आधी ऐकून घ्या.