एका दिंडीच्या दोन पंक्ती



आजच्या व्याख्यानासाठी मी इरावतीबाई कर्वे यांचा विषय सुचविला, तेव्हा कार्यकारिणीतील एका स्नेह्यांनी विचारले, "जेवणाच्या आधी मानवशास्त्र कशाला?" मला वाटते, त्या शास्त्राची खरी वेळ तीच.

इरावतीबाई १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या आणि तेथल्या नदीचेच नाव त्यांना मिळाले. शिक्षण पुण्यात. १९२८ मध्ये मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली एम. ए., नंतर बर्लिनची डॉक्टरेट, आणि १९३९ पासून पुण्याचे डेक्कन कॉलेज. भारतातील नातेव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९५३ चा. गावोगाव हिंडून त्यांनी माणसांची मापे घेतली, आप्तसंबंध टिपून ठेवले.

पण मला त्यांची थोरवी पटली ती 'वाटचाल' या लेखाने. (१९६२ मध्ये तो इंग्रजीत आला आणि परदेशी अभ्यासकांपर्यंत पोहोचला.) पंढरीच्या वारीत त्या एका दिंडीबरोबर चालत होत्या. वाटेवर सर्वांचे भजन एक. मुक्कामी मात्र ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी. बाईंना हे रोज सलत असे. अखेर त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या, आणि त्या बायका अधिक मोकळेपणाने बोलू लागल्या. जे दार मोजपट्टीने उघडले नसते, ते एका जेवणाने उघडले.

घुर्ये यांचेच दुसरे शिष्य, म्हैसूरचे प्रा. श्रीनिवास, १९९९ साली याच बंगळुरात निवर्तले. कूर्गवरील १९५२ च्या ग्रंथात त्यांनी दाखविले की, सामाजिक पायरी चढू पाहणारी जात मद्यमांस सोडते. प्रतिष्ठेचा हिशेबही ताटातच मांडला जातो तर!

आता थोडे स्वतःविषयी. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन मी येथे आलो त्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात जेवावयास बसलो होतो. वाढणाऱ्या आजी येथल्या जुन्या मराठी घराण्यातल्या; शहाजीराजांच्या काळापासून आपण इथले, असे त्या सांगत. त्यांनी आधी सार-भात वाढला. पोळी नाही, वरण नाही. शेजारच्या सहकाऱ्याला मी म्हणालो, "हे कसले मराठी जेवण? आणि भाषाही अर्धी कानडीच." आजींनी ते ऐकले. पळी क्षणभर थांबली. मग त्या एवढेच म्हणाल्या, "सार अजून घाला का, बाळा?"

तेव्हा मी 'वाटचाल' वाचलेला नव्हता. वाचला तेव्हा कळले, की आपल्या दिंडीतही दोन पंक्ती आहेत: एक बदलीवर आलेल्यांची, दुसरी पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्यांची, आणि त्यांच्यामधली रेघ माझ्यासारखेच ओढतात. पुढल्या वर्षी मी वाढपाला उभा राहिलो. आजी तोवर गेल्या होत्या. क्षमा मागण्याचे राहूनच गेले.

आजच्या पंगतीत पहिला भात साराचा आहे. ती पाककृती आजींच्या सूनबाईंकडून घेतली आहे. पाने मांडल्याचा निरोप आला आहे, तेव्हा येथेच थांबतो.