पेट्रोल भरलं की गाडी का रुसते?



गटाची म्हणून घेतलेली गाडी आता बऱ्याच गावांत दिसते. भाजी, दूध, पापड-मसाले बाजाराला न्यायचे असोत, नाहीतर रात्री-अपरात्री एखादीला बाळंतपणासाठी दवाखान्यात पोचवायचं असो, भरवसा त्या एका गाडीवरच. म्हणून आज तिच्या एका खोडीबद्दल बोलू या. ही खोडी पेट्रोलच्या गाडीची आहे, डिझेलच्या गाडीचं गणित वेगळं.

खोडी अशी. सकाळी घरून निघताना गाडी एका चावीत सुरू होते. बाजारात थांबा, दवाखान्यापाशी थांबा, पुन्हा लगेच सुरू होते. पण पंपावर टाकी भरली आणि चावी फिरवली की स्टार्टर नुसता घरघरतो. चार-पाचदा फिरवल्यावर इंजिन कसंबसं धरतं, थोडं थरथरतं, पेट्रोलचा वास येतो. किलोमीटरभर गेलं की जणू काही झालंच नव्हतं. तोवर मागं हॉर्न वाजत असतात आणि लोक म्हणतात, बाईच्या हातात गाडी!

दोष चालवणारीचा नसतो. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं बॅटरी बदला, कुणी म्हणतं टाकीतला इंधनपंप गेला, कुणी म्हणतं पेट्रोलमध्ये पाणी आहे. जरा विचार करा. बॅटरी दुबळी असती तर सकाळच्या गारठ्यात आधी रुसली असती. इंधनपंप थकला असता तर भरल्या गाडीला चढावर दम लागला असता. पेट्रोलमध्ये पाणी असतं तर गाडी सुरू झाल्यावरही अडखळत राहिली असती. आपली गाडी मात्र फक्त पेट्रोल भरल्यावर रुसते. ही वेळच आपल्याला कारण सांगते.

पेट्रोलची सारखी वाफ होते. ती हवेत जाऊ नये म्हणून गाडीत कोळशाचा एक डबा असतो, त्याला कॅनिस्टर म्हणतात. टाकीतली वाफ त्या कोळशात धरून ठेवली जाते. डब्यापासून इंजिनकडे एक नळी जाते आणि नळीवर विजेवर उघडणारी छोटी झडप असते. हिचं नाव पर्ज व्हॉल्व्ह. इंजिन चालून तापलं की गाडीचा कॉम्प्युटर ही झडप थोडी थोडी उघडतो आणि साठलेली वाफ इंजिनात जळून जाते. गाडी बंद असताना झडप घट्ट मिटलेली हवी.

कचऱ्यानं किंवा कोळशाच्या कणांनी ही झडप उघडीच अडकली, की घोटाळा होतो. टाकी भरताना पेट्रोल घुसळतं, वाफ वाढते, आणि बंद इंजिनात वाफ जाऊन बसते. चुलीत एकदम सरपण कोंबलं की जाळ धरत नाही, नुसता धूर होतो. तसंच इथं. इंधन जास्त आणि हवा कमी.

म्हणून पंपावर अडकलात तर घाबरू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि चावी फिरवा. त्यानं हवा जास्त आत जाते. इंजिन धरलं की लगेच पाय सैल करा. एका वेळी पाच-सात सेकंदांहून जास्त स्टार्टर फिरवू नका, मधे अर्धा मिनिट थांबा. नाहीतर बॅटरीही बसेल. अशा वेळी गाडी सुरू झाली, तर संशय पर्ज व्हॉल्व्हवर पक्का होतो.

पुढची तपासणी गॅरेजमध्ये, पण आपण शेजारी उभं राहून करून घ्यायची. गाडी थंड असताना सुरू करायला सांगा. डब्याकडून येणारी नळी झडपेपासून काढायची आणि झडपेच्या मोकळ्या तोंडावर बोट ठेवायचं. नुकत्याच सुरू झालेल्या थंड इंजिनात तिथं ओढ लागू नये. बोट सारखं ओढलं जात असेल, तर झडप उघडी अडकली आहे. ही झडप इंधनपंपापेक्षा पुष्कळ स्वस्त असते आणि बऱ्याच गाड्यांत बोनेट उघडलं की हाताशी येते. हे काम करताना जवळ विडी, काडी, चूल काही नको.

झडप ठीक निघाली तर कोळशाचा डबा पेट्रोलनं भिजलाय का ते बघायला सांगा. याला बरेचदा आपलीच सवय कारण असते. पंपावर नोझल 'टक' करून आपोआप थांबतं, तेव्हा टाकी भरलेली असते. पुढं आकडा गोल करायचा म्हणून दाबून भरलं, की पेट्रोल डब्यात जाऊ शकतं. तेव्हा ठणकावून सांगा, "दादा, पहिल्या टकला थांबा."

भेसळीचीच शंका असेल तर भांडण नको, फिल्टर पेपर मागा. तो पंपावर ठेवावाच लागतो, आणि मागणं हा आपला हक्क आहे. त्यावर पेट्रोलचा थेंब टाका. पेट्रोल उडून गेल्यावर गडद डाग उरला, तर तक्रार वहीत लिहा.

आणि शेवटचं. गटाचा हिशेब आपण वहीत ठेवतो, तशी गाडीचीही एक वही ठेवा. तारीख, किती लिटर भरलं, गाडी कधी रुसली, सकाळी की पेट्रोल भरल्यावर, इंजिन गार होतं की तापलेलं, आणि कशानं सुरू झाली, एवढंच लिहा. महिनाभराची ही वही मेकॅनिकसमोर ठेवली, की "हेही बदलू, तेही बदलू" म्हणणं त्याला अवघड जातं. गटाचा पैसा एकेक रुपया करून जमलेला असतो. तो खर्च करण्याआधी गाडी नेमकी कधी रुसते, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे.