बास गिटारचा पिकअप आणि त्याखालचा फोम

बास गिटारच्या पिकअपचे स्क्रू पिकअपला फक्त खाली दाबून धरतात; त्याला वर उचलण्याचे काम स्क्रू करत नाहीत. ते काम पिकअपखालच्या खाचेत बसवलेला फोमचा तुकडा किंवा स्प्रिंग करते. स्क्रू आवळला की फोम दबतो, सैल केला की फोम फुगून पिकअपला तारांकडे ढकलतो. १९६० साली बाजारात आलेल्या फेंडर जॅझ बासच्या पिकअपला चार कोपऱ्यांत चार स्क्रू असतात. पण खालचा फोम मेला असेल, तर चारही सैल केले तरी पिकअप जागचा हलत नाही.

फोम मरतो तो वयाने आणि दमटपणाने. मुंबई, कोकण, गोवा अशा किनारपट्टीच्या हवेत तो आणखी लवकर चिकट होतो आणि भुगा होऊन गळतो.

पिकअपची उंची इतकी महत्त्वाची का, याचे उत्तर त्याच्या रचनेतच आहे. चुंबकाभोवती तांब्याच्या अतिबारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार थरथरली की चुंबकक्षेत्र हलते आणि त्या वेढ्यांत वीज उमटते. पिकअप लांब असेल तर आवाज क्षीण येतो. फार जवळ असेल तर चुंबक तारेलाच ओढू लागतो: स्वर लवकर विझतो आणि जाड तारेवर, वरच्या फ्रेटवर वाजवताना तो बेसूरही होतो. हा दोष तारा सुरात लावून जात नाही, म्हणून अनेकदा नव्या तारांवर उगाच खर्च होतो.

फोमच्या जागी घरातली वस्तू निवडताना एकच कसोटी लावावी: बोटाने दाबून सोडल्यावर ती पुन्हा फुगली पाहिजे. या कसोटीला जुन्या योगा मॅटचा तुकडा सर्वांत चांगला उतरतो. तो पाणी धरत नाही आणि वर्षानुवर्षे दबून राहूनही बराच टिकतो. हवाई चप्पलचे रबर चालते, पण ते कडक असल्याने पातळ कापावे लागते. भांडी घासायचा स्पंज टाळलेलाच बरा, कारण तो ओल धरून ठेवतो. लाकडाची चकती किंवा पुठ्ठ्याच्या घड्या पिकअप उचलतात खऱ्या, पण त्या दबत नाहीत. मग स्क्रू फिरवून उंची बदलण्याची सोयच संपते.

काम करताना आधी तारा सैल कराव्यात. स्क्रू काढून पिकअप अलगद उचलावा, वायर ताणू नये. पिकअपच्या चुंबकाकडे पोलादी स्क्रूड्रायव्हर झेपावतो. उघड्या वेढ्यांवर त्याचे टोक आदळले, तर सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची तार तुटते आणि पिकअप मुका होतो. चिकट झालेला जुना फोम लाकडी काडीने खरवडावा. नवा तुकडा खाचेच्या खोलीपेक्षा थोडा जाड असावा आणि तो दुहेरी टेपने खाचेच्या तळाला चिकटवावा, पिकअपला नव्हे. वायर तुकड्याखाली चिरडू देऊ नये. स्क्रूचे भोक ढिले झाले असेल, तर त्यात फेविकॉल लावलेली आगपेटीची काडी घालून रात्रभर वाळू द्यावी.

तारा पुन्हा सुरात लावल्यावर मोजमाप घ्यावे. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरावी आणि तारेच्या खालच्या बाजूपासून चुंबकाच्या माथ्यापर्यंतचे अंतर पाहावे. त्यासाठी मुदत संपलेली बँकेची कार्डे उपयोगी पडतात, कारण प्रत्येक कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. जाड तारेखाली चार, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, आणि बारीक तारेखाली तीन, म्हणजे सुमारे २.३ मिलिमीटर, ही चांगली सुरुवात. चालू कार्ड मात्र वापरू नये, चुंबकाने त्याची काळी पट्टी बिघडू शकते. कार्डांऐवजी पोलादी नाणी घेतली, तर ती चुंबकालाच चिकटतात.

यापुढचे काम कानाचे. चारही तारा सारख्या जोराने छेडाव्यात. जी तार दबलेली ऐकू येते, तिच्या बाजूचा स्क्रू अर्धा फेरा सैल करावा, आणि पुन्हा ऐकावे.